गाडीची वीज आणि मिस्त्रीचा भरवसा

मंडळी, मृगाचा पाऊस पडून गेलेला आहे, रानाला वाफसा आला आहे, बियाणे आणि खत बांधावर येऊन पडले आहे. अशा पहाटे ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी, तर ‘टक्’ असा एकच आवाज यावा आणि पुढे काहीच होऊ नये! हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला असेल त्यालाच त्याची कळ ठाऊक. वाफसा कोणासाठी थांबत नाही. आणि जी गोष्ट ट्रॅक्टरची, तीच शाळेला निघालेल्या गुरुजींच्या मोटारसायकलची, बाजाराला निघालेल्या टेम्पोची आणि रात्री-अपरात्री दवाखान्याकडे निघालेल्या जीपची.

मग आपण मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री येतो, पाहतो आणि म्हणतो, ‘‘बॅटरी गेली.’’ आपण नवी बॅटरी टाकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा ‘टक्’. आता मिस्त्री म्हणतो, ‘‘सेल्फ गेला.’’ आपण सेल्फ दुरुस्त करून घेतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. इथे आपल्या मनात एक किडा वळवळू लागतो. हा माणूस आपल्याला फसवीत तर नाही ना? बरे, वीज डोळ्यांना दिसत नाही. टायर फाटला तर फाटलेला दिसतो, तेल गळले तर डाग पडतो. विजेचा दोष मात्र मिस्त्रीने सांगावा आणि आपण ऐकावा! म्हणूनच गाडीच्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये विजेच्या दुरुस्तीवरून जितकी भांडणे होतात, तितकी दुसऱ्या कशावरून होत नसतील.

आज याच दोन गोष्टींविषयी बोलायचे आहे. गाडीची वीज अडते कशी, आणि मिस्त्रीच्या कामाविषयी शंका आली तर ती फेडायची कशी. आमच्या शेजारी घडलेल्या एका प्रकरणात मला या दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडले. तेच आधी सांगतो.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्यांना सारा गाव आप्पा म्हणतो. वर सांगितले ते सगळे त्यांच्याच ट्रॅक्टरचे झाले. सहा-सात हजारांची नवी बॅटरी टाकून झाली, सेल्फ उघडून त्यात नवे कार्बन घालून झाले, तरी भर पेरणीत ट्रॅक्टर उभाच. आप्पा चार दिवस दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन पेरणी करीत होते, आणि संध्याकाळी पारावर बसून मिस्त्रीचा उद्धार करीत होते. ‘‘चोर आहे तो. माझी चांगली बॅटरी काढून घेतली त्यानं. सेल्फला हातसुद्धा लावला नसंल.’’ पाचव्या दिवशी ते तालुक्याला निघाले. राहिलेले पैसे द्यायला नव्हे, भांडायला. जाताना माझ्या दारात थांबले. ‘‘गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकवत होता. साक्षीला चला.’’

मी म्हटले, ‘‘आप्पा, येतो. पण साक्ष द्यायची तर आधी मला काही पाहिलं पाहिजे ना? ट्रॅक्टर दाखवा.’’

ट्रॅक्टरजवळ गेलो. हॉर्न वाजवून पाहिला, खणखणीत वाजला. दिवे लावले, झगझगीत लागले. आणि किल्ली फिरवली, तर ‘टक्’. आप्पा म्हणाले, ‘‘बघा, दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक. मग सेल्फच खोटा बसवलाय.’’ तुम्हीही कदाचित असेच म्हणाल. पण थांबा. इथेच सगळी मेख आहे.

विजेला जायला जशी वाट लागते, तशी परत यायलाही लागते. घरात दिव्याकडे दोन तारा जातात. गाडीत पुष्कळ ठिकाणी एकच तार जाताना दिसते. मग परतीची वाट कुठे आहे? गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक, म्हणजे वजा खुणेचे टोक, एका जाड केबलने किंवा वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीने गाडीच्या अंगाला बोल्टने आवळलेले असते. या जोडाला मिस्त्री मंडळी ‘अर्थ’ म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण पाहा कसा जमून आला आहे! गाडीतला अर्थ सुटला की खिशातला अर्थ जातो, आणि मिस्त्रीच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला कळेनासा होतो.

आता दिवे लागतात आणि सेल्फ फिरत नाही, हे कसे? ज्यांनी रात्री पाटाच्या पाण्यावर दारे धरली आहेत त्यांना हे चटकन कळेल. पाटात एके ठिकाणी गाळ आणि गवत साचले आहे असे समजा. एका वाफ्याला बोटभर पाणी न्यायचे असेल तर त्या गाळाची अडचण जाणवतच नाही. पाणी वाट काढून जाते. पण चार एकरांना एकदम पाणी सोडा. गाळाच्या अलीकडे पाट तुडुंब आणि पलीकडे चिखल! पाट तोच, गाळ तोच. पण थोड्या पाण्याला तो अडवीत नाही, फार पाण्याला अडवतो.

विजेचेही असेच आहे. गेऑर्ग ओम नावाचे एक जर्मन शिक्षक होते. त्यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम आजही शाळेत शिकवतात. वाटेतल्या अडथळ्याला तिथून जाणाऱ्या प्रवाहाने गुणले, की त्या अडथळ्यात किती व्होल्ट वाया गेले ते कळते. दोन मोठ्या दिव्यांना मिळून साधारण १० अँपिअर प्रवाह लागतो. ट्रॅक्टरच्या सेल्फला थंड इंजिन फिरवायला २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक लागतो. आता एखाद्या गंजलेल्या जोडात एका ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा आहे असे धरा. दिव्यांसाठी, १० गुणिले एक शतांश, म्हणजे व्होल्टचा एक दशांश भाग वाया गेला. १२ व्होल्टांतून एवढा गेला तर डोळ्यांना कळणारसुद्धा नाही. पण सेल्फसाठी २०० गुणिले एक शतांश म्हणजे २ व्होल्ट गेले. अडथळा दुप्पट असेल तर हिशेबाने ४ व्होल्ट. मग सेल्फच्या वाट्याला उरते काय? तो ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. म्हणजे दिवे लागतात यावरून बॅटरी ठीक आहे असेही सिद्ध होत नाही, आणि सेल्फ वाईट आहे असेही सिद्ध होत नाही. डोळ्यांनी पाहून विजेचा निवाडा होत नाही. मोजावे लागते.

माझ्याजवळ एक साधा मल्टीमीटर होता. काही शे रुपयांत तो विजेच्या दुकानात मिळतो. त्याचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवला. बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या दोन तारा लावल्या. १२.६ व्होल्ट. बॅटरी भरलेली होती. मग ट्रॅक्टर न्यूट्रलला आहे, हातब्रेक ओढलेला आहे, हे पाहून घेतले. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायचा दांडा ओढून धरला आणि आप्पांना किल्ली फिरवायला सांगितली. त्या वेळी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवली. इथे खरे म्हणजे जवळजवळ शून्य दिसायला हवे, कारण ही दोन्ही ठिकाणे जाड केबलने जोडलेली. पण मीटर साडेतीन व्होल्टच्या वर गेला! गाळ सापडला. मग पाना घेऊन अर्थचा बोल्ट खोलला. केबलच्या कानाखाली लोखंड नव्हतेच. तिथे लाल रंगाचा थर होता आणि बोल्टाच्या आट्यांत गंज.

‘‘आप्पा, हा रंग कधी दिला?’’ मी विचारले.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘दसऱ्याला. रंगारी मीच बोलावला होता.’’

झाले होते ते असे. खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची म्हणून दसऱ्याच्या आधी ट्रॅक्टर रंगवून घेतला. रंगाऱ्याने केबल सोडली, रंग दिला आणि रंगावरच केबल पुन्हा आवळली. बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी वाट मिळत होती, ती हिवाळा-उन्हाळा चालली. पावसाळी हवेत गंज चढला आणि तीही बुजली. काचकागदाने ती जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट साफ केला, घट्ट आवळला, वरून थोडे ग्रीस लावले. किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. काम वीस मिनिटांचे आणि खर्च एका काचकागदाचा.

आता तुम्ही म्हणाल, मग मिस्त्री चोरच ठरला की! आम्ही तसेच तालुक्याला गेलो. आप्पांनी भांडण काढले नाही, पण झाले ते सांगितले. मिस्त्रीने ऐकून घेतले. फडक्यात बांधून ठेवलेले सेल्फचे जुने कार्बन आणून समोर ठेवले. ते झिजून नखाएवढे राहिले होते. म्हणजे सेल्फचे काम त्याने खरेच केले होते, आणि ते आज ना उद्या करावे लागणारच होते. फक्त त्या दिवशीचा दोष तो नव्हता.

‘‘गुरुजी, मीटर माझ्यापाशीबी आहे,’’ असे म्हणून त्याने खण उघडून दाखवला. ‘‘पण पेरणीच्या दिवसांत दारात सहा-सहा ट्रॅक्टर उभे असतात. जो येतो तो म्हणतो, मिस्त्री, आधी चालू करून द्या. मोजत बसलो तर म्हणतात, याला काही येत नाही. आप्पांची बॅटरी तीन वर्षांची झाली होती. म्हटलं, तीच गेली असंल. ती चूक माझीच.’’

जुनी बॅटरी त्याने बदल्यात घेतली होती आणि ती केव्हाच भंगारात गेली होती. ती खरोखर गेलेली होती की नाही, हे आज ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बदलण्यापूर्वी ती कोणी मोजली नाही. मिस्त्रीने नाही आणि आप्पांनी मागितलेही नाही. शेवटी सेल्फची मजुरी मिस्त्रीने सोडली आणि कार्बनचे पैसे आप्पांनी दिले. पण पारावर चार दिवस ‘चोर’ म्हटले होते, ते शब्द काही परत घेता आले नाहीत. ते ऐकून एक-दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, ती गेलीच.

मंडळी, यातून मी एक गोष्ट शिकलो. मिस्त्रीच्या कामाविषयी शंका येते तेव्हा आपल्याला दोनच शक्यता दिसतात, माणूस प्रामाणिक आहे किंवा लबाड आहे. पण या दोहोंच्या मध्ये तिसरी शक्यता आहे, आणि ती फार वेळा खरी असते. माणूस प्रामाणिक आहे, पण त्याने मोजलेले नाही. अंदाजाने भाग बदलला आहे. लबाडीवर उपाय वेगळा आणि अंदाजावर उपाय वेगळा. अंदाजावर उपाय एकच: आधी मोजा, मग बदला. आणि गंमत अशी की जो मिस्त्री खरेच लबाड असेल, त्यालाही याच उपायाची अडचण होते.

तेव्हा चार मोजमापे ध्यानात ठेवा. ही १२ व्होल्टच्या नेहमीच्या शिशाच्या बॅटरीची आहेत. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांपैकी बहुतेकांना ती लागू पडतात. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला मात्र घरी हात लावू नका. तिथले व्होल्ट जिवावर बेतू शकतात.

पहिले मोजमाप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालू करण्यापूर्वी. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ च्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे, हे विसरू नका. रिकामी घागर फुटकी असतेच असे नाही. आधी ती भरून पाहा.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना, पुन्हा बॅटरीच्याच दोन टोकांवर. भरलेली बॅटरी असूनही आकडा साडेनऊच्या पुष्कळ खाली, सहा-सातवर कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ आतून जाम आहे. उलट आकडा १२ च्या जवळच राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर पाणी पाटातून सुटतच नाही असे समजा. दोष वाटेत आहे किंवा सेल्फच्या आत आहे. तो कोणता, हे तिसरे मोजमाप सांगते.

तिसरे मोजमाप वाटेचे. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे अंग यांच्यामध्ये साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसता कामा नये. बॅटरीचे धन टोक आणि सेल्फवरचा जाड केबलचा बोल्ट यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नको. अधिक दिसले तर त्या वाटेवरचा एखादा जोड सैल, गंजलेला किंवा रंगलेला आहे. दोन्ही वाटा साफ असतील तर मग सेल्फकडे वळा. आप्पांच्या ट्रॅक्टरचा दोष या तिसऱ्याच मोजमापाने सापडला.

चौथे मोजमाप इंजिन चालू असताना, मध्यम वेगावर. आता बॅटरीच्या टोकांवर साडेतेरापासून साडेचौदापर्यंत आकडा हवा. १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाही. मग आधी त्याचा पट्टा सैल झाला आहे का, तारा निघाल्या आहेत का, ते पाहा. सरळ नवा अल्टरनेटर घेऊ नका. आकडा १५ च्या वर गेला तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरली जात आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी लवकर आटते आणि दिव्यांचे बल्ब वरचेवर उडतात. तिथे बॅटरी किंवा बल्ब बदलून उपयोग नाही. व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर तपासायला हवा.

आणखी एक भूल पाहा. सगळी मोजमापे बरोबर येतात, तरी आठवडाभर उभी राहिलेली गाडी चालू होत नाही. हा बहुधा गळतीचा प्रकार असतो. हल्ली ट्रॅक्टरवर गाणी वाजवायचे यंत्र, रंगीत दिव्यांच्या माळा बसवून घेतात. त्यांतले एखादे किल्ली काढली तरी अर्धा अँपिअर ओढीत राहिले, तर दिवसाचे २४ तास गुणिले अर्धा म्हणजे १२ अँपिअर-अवर गेले. ७५ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याच्या आत रिती! त्यात मिस्त्रीचाही दोष नाही आणि बॅटरीचाही नाही.

‘‘ब्रेक दाबला की बाजूचा दिवाही मिणमिणतो, मिस्त्रीने तारा उलट्यासुलट्या जोडल्या,’’ अशीही तक्रार ऐकू येते. तारा उलट जोडल्या असतीलही. पण पुष्कळदा मागच्या दिव्यांचा अर्थ सुटलेला असतो, आणि परतीची वाट न सापडलेली वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते. तो अर्थ साफ केला की दिवे शहाण्यासारखे वागू लागतात.

इथे जिवाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो, त्या मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. जवळ विडी-काडी पेटवू नका. बॅटरीत तेजाब असते. डोळ्यात उडाले तर लगेच भरपूर पाण्याने पुष्कळ वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. आटलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, तेजाब नको, विहिरीचे पाणीही नको. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडा आणि बसवताना ते शेवटी लावा. हातातली अंगठी, कडे काढून ठेवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा पाकिटातली चांदी घालू नका. फ्यूज हा राखणदार आहे. तो ओरडतो म्हणून त्यालाच घालवून दिले तर आग घरात शिरते. हल्लीच्या चपट्या फ्यूजांत लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. ज्या रंगाचा निघाला त्याच रंगाचा घाला. आणि सेल्फच्या बोल्टांवर पाना आडवा टेकवून, चाकाजवळ उभे राहून ट्रॅक्टर चालू करण्याची जी वाईट खोड आहे, ती आजच सोडा. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर जागच्या जागी झेप घेतो. अशाने माणसे चाकाखाली गेली आहेत.

आता मिस्त्रीशी वागायचे कसे? त्याच्याकडे गेल्यावर ‘‘बॅटरी बदला’’ किंवा ‘‘सेल्फ बघा’’ असे सांगू नका. लक्षण सांगा. ‘‘सकाळी एकदाच टक् करतो, हॉर्न वाजतो, दिवे लागतात, ढकलली तर चालू होते,’’ असे सांगा. आपण वैद्याकडे जाऊन औषधाचे नाव सांगत नाही, कुठे दुखते ते सांगतो. मग नम्रपणे म्हणा, ‘‘मिस्त्री, बदलण्याआधी जरा मोजून दाखवाल का?’’ हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या मिस्त्रीला अशा गिऱ्हाइकाचा आनंदच होतो. आणि तपासणीत त्याचा वेळ जातो, तेव्हा तपासणीचेही पैसे त्याला द्या. आपण फक्त भागाचे पैसे द्यायला तयार असतो, डोक्याचे देत नाही. मग तो तपासणी सोडून भाग बदलण्याच्या मागे लागला, तर नवल काय?

काढलेला जुना भाग पाहायला मागा. बॅटरी बदल्यात द्यायची असेल तर देण्यापूर्वी भरून, मोजून घ्या. नव्या बॅटरीच्या हमीपत्रावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या. बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर, तारीख, तक्रार काय होती, काय बदलले, किती पैसे झाले, हे लिहून घ्या. ओळखीचा मिस्त्री म्हणून बिल मागायला भीड वाटते. पण कागद असला की ओळख टिकते, नसला की तुटते.

इतके करूनही कोणी खरोखरच फसवले, पैसे घेऊन काम केले नाही, किंवा नवा म्हणून जुना भाग बसवला, तर पारावर ओरडण्यापेक्षा दुसरी वाट आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याप्रमाणे पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण ध्यानात ठेवा, तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: बिल कुठे आहे?

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. ओमचा नियम फळ्यावर लिहिला तर मुले तो पाठ करतात. त्याऐवजी टेबलावर दाखवा. दोन पेन्सिल सेल ओळीने जोडा. त्यांना एक छोटा पांढरा एलईडी दिवा लावा. त्याची लांब तार धन टोकाकडे. तो लागेल. मग त्याच्या जागी खेळण्यातली छोटी मोटर लावा. ती फिरेल. आता वाटेत दोन्ही बाजूंनी टोक केलेली एक पेन्सिल अडथळा म्हणून जोडा, म्हणजे वीज तिच्या शिशातून जाईल. दिवा लागलेलाच राहील, पण मोटर मरगळून फिरेल किंवा थांबेल. मग मुलांना विचारा, ‘‘बॅटरी वाईट, मोटर वाईट, की वाट वाईट?’’ आणि लगेच सांगा, ‘‘उत्तर देऊ नका, मोजा.’’ ज्या मुलाने हे एकदा पाहिले, ते उद्या ट्रॅक्टरचा मालक होवो की मिस्त्री, अंदाजाने कोणाचा खिसा कापणार नाही आणि अंदाजाने कोणाला चोर म्हणणार नाही.

आप्पांच्या ट्रॅक्टरच्या खोक्यात आता एक मल्टीमीटर असतो. दसऱ्याला ते त्याच्यावरही झेंडूचे फूल वाहतात. आणि रंगारी आला की आधी सांगतात, ‘‘बाबा, सगळीकडं रंग दे, पण या बोल्टाला हात लावू नको.’’